पाहुण्यांची मोजदाद

(मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला इथे बोलायला बोलावलं याबद्दल आभार. या व्यासपीठावर मोठमोठे वक्ते बोलून गेले आहेत. आम्ही वक्ते नाही. आम्ही म्हणजे दहा-बारा जणांचा एक गट. त्यात बँकेतले आहेत, शाळेतले आहेत, कॉलेजची दोन मुलं आहेत, एक गृहिणी आहेत, फोटो स्टुडिओ चालवणारे एक गुजराती भाई आहेत आणि आमच्यासारखे दोघे-तिघे सरकारी खात्यातले आहेत. कोणीही शास्त्रज्ञ नाही. दर हिवाळ्यात आम्ही डभोईच्या पुढे वढवाण्याच्या तलावावर जातो आणि परदेशातून आलेले पक्षी मोजतो. सुरेंद्रनगरजवळचं वढवाण वेगळं. हे आपल्या बडोदे जिल्ह्यातलं वढवाणा.

हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. मागे एका हळदीकुंकवाला एका मावशींनी विचारलाच, "पक्षी बघता ते कळलं रे, पण मोजता कशाला? लग्नात पानं मोजतात, कारण त्यावर स्वयंपाकाचा अंदाज असतो. पक्षी मोजून काय मिळतं?" प्रश्न अगदी रास्त आहे. आजचं आमचं बोलणं म्हणजे त्या मावशींना दिलेलं उत्तर आहे.

आधी तलावाविषयी. वढवाण्याचा तलाव निसर्गाने दिलेला नाही. तो आपल्या श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०९-१० च्या सुमारास, शेतीला पाणी मिळावं म्हणून बांधला गेला. ओरसंग नदीचं पाणी कालव्याने त्यात आणलं. बांधणाऱ्यांच्या मनात तेव्हा गहू असेल, भात असेल, दुष्काळात होरपळलेला शेतकरी असेल. बदकं तर नक्कीच नसतील. पण उथळ पाणी, कडेची पाणवनस्पती आणि भोवतीची शेतं हे सगळं पक्ष्यांना आपोआप सोयीचं झालं. आपल्यापैकी पुष्कळांचे पणजोबा महाराजांच्या नोकरीसाठी पुण्या-साताऱ्याहून इथे आले आणि इथलेच झाले. हे पक्षीही तसेच त्या पाण्याच्या आश्रयाला आले. फरक एवढाच की ते मार्च-एप्रिलमध्ये परत जातात.

एप्रिल २०२१ मध्ये या तलावाचं नाव रामसर यादीत गेलं. रामसर हे इराणमधलं एक गाव. तिथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागा जपण्यासाठी देशादेशांमध्ये करार झाला. भारत त्यात १९८२ साली आला. आपल्या गुजरातमधलं नळसरोवर २०१२ मध्ये या यादीत गेलं, आणि २०२१ मध्ये थोळ आणि वढवाणा एकदमच गेले. म्हणजे सयाजीरावांच्या काळात पिकाच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव आज जगाच्या नकाशावर आहे. बडोदेकर म्हणून आपल्याला याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

आता पाहुण्यांविषयी. पट्टकादंब नावाचा हंस आहे. डोक्यावर दोन काळे पट्टे असतात म्हणून हे नाव. गुजरातीत त्याला राजहंस म्हणतात. त्याची वीण मंगोलिया, तिबेट, किर्गिझस्तान आणि आपल्या लडाखमधल्या सरोवरांकाठी होते. हिवाळा लागला की तो हिमालय ओलांडून खाली येतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या अंगावर छोटी यंत्रं बसवून पाहिलं, तेव्हा सात हजार मीटरच्या वर त्याच्या उड्डाणाची नोंद मिळाली. तलवार बदक, थापट्या, लालसरी ही मंडळी सायबेरिया-कझाकस्तानकडून येतात. मोठी लालसरी पश्चिम भारतात एरवी फारशी दिसत नाही, पण वढवाण्याला ती हिवाळ्यात नेमाने येते. आणि वारकरी! अंग काळं, कपाळावर पांढरा टिळा. म्हणून मराठीत त्याला वारकरी म्हणतात आणि गुजरातीत भगतडुं. दोन भाषांच्या माणसांनी एकाच पक्ष्यात भक्त पाहिला. आमच्या गटात मराठी-गुजराती दोन्ही असल्यामुळे या नावावर दरवर्षी एकदा तरी हशा होतो.

हे पक्षी ज्या वाटेने येतात तिला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. उत्तरेला सायबेरिया, दक्षिणेला हिंदी महासागर, आणि मध्ये तीस देश. आता विचार करा. समजा वढवाण्याला आपण सगळं उत्तम ठेवलं, पण वाटेतलं एखादं सरोवर आटलं, किंवा वीण होते ती जागा नांगरली गेली, तर आपल्याकडे पक्षी येणार नाहीत. उलट तिकडे सगळं ठीक आहे आणि इथे आपण पाणी घाण केलं, तरीही तेच. एका घराने अंगण झाडून गल्ली स्वच्छ होत नाही, तसं हे आहे. म्हणूनच स्थलांतरित प्राण्यांसाठी वेगळा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारत त्यात १९८३ पासून आहे. त्याची तेरावी परिषद फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्याच गांधीनगरला भरली होती, आणि २०२४ मध्ये समरकंदच्या परिषदेत या मध्य आशियाई मार्गासाठी खास उपक्रम मंजूर झाला.

एवढे मोठे करार, एवढ्या परिषदा. त्यात आमच्यासारख्या थर्मास आणि दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांचं काय काम? काम आहे, आणि ते मोजण्याचंच आहे. एखादा पक्षी जगात वाढतोय की घटतोय हे दिल्लीत किंवा युरोपात बसून कळत नाही. त्यासाठी हजारो तलावांवर, शक्यतो एकाच सुमारास, कोणीतरी उभं राहून मोजावं लागतं. तेवढे पगारी शास्त्रज्ञ कोणत्याच देशाकडे नाहीत. म्हणून १९६७ पासून आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणना चालते, आणि तिचा आशियातला भाग आपल्या उपखंडात १९८७ साली सुरू झाला. तो मुख्यतः स्वयंसेवकांवर चालतो. दर जानेवारीत, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, भारतात, नेपाळमध्ये, श्रीलंकेत माणसं आपापल्या तळ्यावर जाऊन मोजतात. एकमेकांना ओळखत नाहीत, भाषाही कळत नाही. पण सगळ्यांचे आकडे एकाच वहीत जातात म्हणा ना.

मोजतात कसं, तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं हा अंदाजपंचे कारभार आहे. पहाटे पाचच्या आत बडोदं सोडायचं. कपडे मळखाऊ रंगाचे. भडक स्वेटर चालत नाही. तलावाचे भाग पाडून घ्यायचे आणि प्रत्येक भागाला एक जोडी द्यायची. सूर्य पाठीशी राहील अशी जागा घ्यायची, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतात. एकाने टेलिस्कोपमधून पाहायचं आणि बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. लहान थवा असेल तर एकेक मोजायचा. मोठा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजून दहाची जागा डोळ्यात बसवायची आणि तेवढे तेवढे तुकडे पुढे मोजत जायचे. थवा फारच मोठा असेल तर शंभराचे तुकडे. मोजताना थवा उडाला तर कुठे उतरला ते पाहायचं, नाहीतर तोच पुन्हा मोजला जातो. ओळख पटली नाही तर "अनोळखी बदक" असं लिहायचं, उगाच नाव ठोकायचं नाही. आणि एखादा पक्षी शोधूनही दिसला नाही तर तेही लिहायचं.

पहिल्या वर्षी आमची फजिती झाली. एकाच थव्याला आमच्यातल्या एकाने चारशे म्हटलं, दुसऱ्याने नऊशे. वाद नको म्हणून आम्ही मधला आकडा टाकला आणि चहाच्या टपरीवर गेलो. आमच्यात एक निवृत्त शिक्षक आहेत. आम्ही त्यांना सरच म्हणतो. त्यांनी वही पाहिली आणि विचारलं, "हा साडेसहाशेचा थवा कोणी पाहिला?" कोणीच पाहिला नव्हता. चारशे एकाने पाहिले होते, नऊशे दुसऱ्याने. साडेसहाशे कोणीही नाही. चहा अर्धा टाकून आम्ही परत पाळीवर गेलो. दोघांनी वेगवेगळं, एकमेकांना न सांगता, तीनदा मोजलं. आकडे बरेच जवळ आले. नऊशे म्हणणाऱ्याने वारकरीही बदकांतच धरले होते, एवढीच गोष्ट निघाली.

आमच्यापैकी जे बांधकामाच्या कामावर असतात त्यांना मेजरमेंट बुक माहीत आहे. आमच्या भाषेत एम.बी. त्यात जागेवर जाऊन घेतलेलं माप लिहायचं. खोडरबर चालत नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर नवा लिहून सही करायची. डिप्लोमा करून नोकरीला लागलो तेव्हा साहेबांनी पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं. त्या दिवसापासून आमची पक्ष्यांची वहीसुद्धा आम्ही एम.बी.सारखीच ठेवतो.

या वहीची खरी परीक्षा पुढे झाली. तलावाला रामसरचा मान मिळाल्यानंतरच्या एका हिवाळ्यात आमच्या वाट्याच्या पट्ट्यात पक्षी कमी भरले. एका हितचिंतकांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, "आता नाव झालंय. आत्ताच आकडा खाली गेला तर लोक काय म्हणतील? थोडा वर ठेवा, कोण बघायला येतंय?" माणूस वाईट नव्हता. तलावावर त्याचा जीव आहे म्हणूनच तो तसं म्हणाला. आणि खोटं कशाला बोलू, आमच्यातल्याही दोघांना त्यात काही चूक वाटली नाही. परतीच्या गाडीत डभोईपर्यंत कोणी बोललं नाही. शेवटी सर म्हणाले, "एम.बी.त काय करता?" विषय तिथेच संपला. होता तोच आकडा आम्ही पाठवला.

पुढच्या दोन रविवारी आम्ही आजूबाजूच्या गावांतली तळी पाहत फिरलो. त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत पडला होता आणि गावोगावची तळी भरलेली होती. आमचे पुष्कळ पाहुणे तिथे पंधरा-वीसच्या टोळ्यांनी पसरलेले निघाले. असं होतं. पाऊस चांगला झाला की पक्षी पसरतात, पाणी कमी असलं की मोठ्या तलावावर गर्दी करतात. म्हणजे आकडा कमी म्हणून तलाव वाईट असं नाही, आणि आकडा मोठा म्हणून सगळं चांगलं असंही नाही. पण हे कळलं कशामुळे? खरा आकडा लिहिला म्हणून. आम्ही तो वाढवून टाकला असता तर शोधायला गेलोच नसतो. सगळ्याच पक्ष्यांचा हिशेब मात्र त्यातून लागला नाही. छोट्या लालसरीचा प्रश्न आमच्या वहीत अजून तसाच आहे.

त्या छोट्या लालसरीची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, कारण मावशींच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्यात आहे. तांबूस डोकं, राखाडी पाठ, दिसायला साधंच बदक. युरोपपासून सायबेरियापर्यंत वीण होणारा आणि सगळ्यांना नेहमीचाच वाटणारा पक्षी. इंग्रजी नावातसुद्धा 'कॉमन' आहे. अशा पक्ष्याकडे कोणी मुद्दाम लक्ष देत नाही. पण देशोदेशीचे स्वयंसेवक वर्षानुवर्षं तो मोजत होते. त्या आकड्यांवरून दिसलं की तो वेगाने घटतोय, आणि २०१५ मध्ये जागतिक यादीत त्याची नोंद 'असुरक्षित' म्हणून झाली. एका तलावावर बसून हे कधीच कळलं नसतं. आमच्याकडे नाही आला तर आम्ही म्हणणार, पलीकडे गेला असेल. पलीकडचा म्हणणार, वढवाण्याला असेल. सगळ्यांच्या वह्या एकत्र ठेवल्या तेव्हा समजलं की तो कुठेच पुरेसा नाही. आणि त्यातल्या प्रत्येकाने आपापल्या तलावाची अब्रू राखायला शंभर-दोनशे वाढवून लिहिले असते, तर तो घटत राहिला असता आणि कागदावर मात्र भरपूर असता.

रामसरच्या नियमातही हा आकडा लागतो. एखाद्या जातीच्या त्या प्रदेशातल्या एकूण पक्ष्यांपैकी एक टक्का जरी नेमाने एका ठिकाणी येत असतील, तर ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानता येते. पण एक टक्का काढायचा तर आधी शंभर टक्के किती हे माहीत हवं. ते पुन्हा सगळीकडच्या मोजणीतूनच येतं. मावशी, पानं मोजून स्वयंपाकाचा अंदाज येतो म्हणालात ना? इथेही तेच आहे. कोणत्या पाहुण्यासाठी किती जागा राखायची, त्याचा हा अंदाज.

आता एक अवघड गोष्ट. ती लपवून ठेवली तर हे भाषण अर्धवट राहील. तलावालगत एका काकांचं शेत आहे. आम्ही त्यांच्या बांधावरून जातो. भगतडां ओछां छे, म्हणजे वारकरी कमी आहेत, हे आमच्या आधी तेच सांगतात आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. एका जानेवारीत त्यांनी आम्हाला त्यांचं शेत दाखवलं. हंस गवत चरतात, तसाच कोवळा गहू आणि हरभराही चरतात. एक कोपरा कातरल्यासारखा झाला होता. काका म्हणाले, "महेमान तमारा, ने जमण मारा खेतरमां?" पाहुणे तुमचे आणि जेवण माझ्या शेतात? आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. बडोद्याहून मोटारीने येऊन त्यांना निसर्गप्रेम शिकवण्याची आमची हिंमत झाली नाही.

मग आम्ही एक केलं. वहीत एक रकाना वाढवला. कुठल्या शेतात, कधी, साधारण किती वाफे चरले गेले ते काका सांगतील तसं लिहायचं आणि मोजणीच्या आकड्यांबरोबर तेही पुढे द्यायचं. त्यातून लगेच काही निघालं असं नाही. पण काका आता स्वतः लिहून ठेवतात, तारखेसकट. पक्ष्यांची मोजणी करायची आणि शेतकऱ्याच्या नुकसानीची नाही, हा हिशेब एकतर्फी झाला असता. तलाव मुळात त्यांच्यासाठी बांधला होता हे आपण विसरता कामा नये.

गणनेच्याच दिवसांत आपली उत्तरायण येते. पतंगाशिवाय बडोदं म्हणजे काय, हे आम्हाला कोणी सांगायला नको. आम्हीही गच्चीवर असतो. पण सकाळी पक्षी चरायला निघतात आणि संध्याकाळी परततात. त्या दोन वेळा पतंग खाली ठेवला तर आपला आनंद फारसा कमी होत नाही, आणि त्यांचे पंख वाचतात. चिनी मांजावर बंदी आहे, तो घरात आणूच नये. २०१७ पासून राज्यात करुणा अभियान चालतं. त्यात आमच्यातले काही जण असतात. जखमी पक्षी सापडला तर त्याला पाणी पाजू नका, मांजा ओढून काढू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि १९६२ या क्रमांकावर फोन करा. मुलांनो, हा क्रमांक पाठ करा. आणि गच्चीत, झाडावर अडकलेला मांजा दुसऱ्या दिवशी गोळा करून गुंडाळून टाका. तो महिनोन्महिने लटकत राहतो आणि सण संपल्यावरही कापत राहतो.

समारोपाकडे येतो. आज इथे बाप्पा बसले आहेत. साधारण याच दिवसांत उत्तरेकडून पहिले पक्षी उतरायला लागतात. भुवई बदक सगळ्यांत आधी. ऑगस्टच्या अखेरीपासूनच त्याच्या लहान टोळ्या दिसू लागतात. आपण आरती म्हणत असतो तेव्हा कोणीतरी हजारो किलोमीटर उडून थकून वढवाण्याच्या पाण्यावर उतरत असतं. त्याच्यासाठी आपण फार काही करायचं नाही. तलावावर सहलीला गेलात तर मोठ्याने गाणी लावू नका, फराळाच्या पिशव्या परत आणा, फोटोसाठी थवा उडवू नका. हिवाळ्यात त्यांना एकेक दाणा साठवायचा असतो, परतीच्या प्रवासासाठी.

आणि ज्यांना जमेल त्यांनी जानेवारीत आमच्याबरोबर या. पक्षी ओळखता आले पाहिजेत असं नाही. लिहायला माणूस लागतो, अक्षर बरं असलं की पुरे. मंडळातल्या आजोबांनी यावं, त्यांचा हिशेब पक्का असतो. मुलांनी यावं, त्यांची नजर चांगली असते. त्या मावशी मागच्या जानेवारीत आल्या होत्या. शाल पांघरून पाळीवर खुर्ची टाकून बसल्या आणि तीन तास वही सांभाळली. शेवटी एका रकान्यापाशी थांबून म्हणाल्या, "इथे शून्य लिहायचं ना? शोधलं पण दिसलं नाही, म्हणून शून्य." आम्ही म्हटलं, "हो मावशी, शून्यच लिहा."

त्यांनी शून्य लिहिलं आणि शेजारी सही केली.

 गणपती बाप्पा मोरया!